फोटो फुटू न देणाऱ्या मंदाताई

"व्हॉट्सॲपवरचा फोटो आनलास ना? मग फ्लेक्सबी व्हॉट्सॲपवरच लाव जा!" राहुरीच्या स्टँडमागे मंदाताईंच्या फ्लेक्सच्या दुकानात गिऱ्हाइकाचं स्वागत असं व्हायचं. फोटो आला की बाई आधी तो मोठा करून डोळे बघायच्या. डोळ्यांत चौकोन दिसले की फोटो परत. "फुटतोय ह्यो. मूळ फोटो डॉक्युमेंट करून धाड." गल्लीतले भावी नेते त्यांना टरकून असत. शेजारीच माझं झेरॉक्सचं दुकान, त्यामुळे ही करमणूक मला रोज फुकट.

तोंड फटकळ, पण बाई मायेची. श्रद्धांजलीचा फ्लेक्स असला की अर्धा दिवस त्यावर घालवायच्या. मी हसलो तर म्हणायच्या, "वाढदिवस पुढच्या वर्षी परत येतोय. ह्यो फ्लेक्स मानसाचा एकदाच लागतो."

माझे वडील, आबा, गेले आणि आई दगडासारखी बसून राहिली. डोळ्यांतून टिपूस नाही. तिचं कसं होणार, याच धास्तीत आम्ही होतो. त्यात आबांना फोटोचं वावडं. सापडला तो एकच, चुलतभावाच्या लग्नातला. मागे पंगतीत बुंदीची बादली घेऊन आबा उभे, चेहरा नखाएवढा.

"ह्यो मोठा व्हायचा न्हाई," मंदाताई म्हणाल्या.

आमचे दाजी तापले. "दशक्रियेला सगळी सोयरी येनार! ते एआय लावा की!"

नाही नाही म्हणत ताईंनी लावलं. पडद्यावर आबा असे तकतकीत आले की आम्ही हरखलोच. घरी एकटी नको म्हणून सोबत आणलेल्या आईनं वाकून पाहिलं.

"कोन हायेत हे?"

आबांचा डावा डोळा लहानपणापासून अर्धवट मिटलेला. मशिननं दोन्ही डोळे सारखे करून टाकले होते.

"माझंच चुकलं, मावशी," म्हणत ताईंनी ते चित्र तिथंच पुसलं. मग भल्यामोठ्या पांढऱ्या फ्लेक्सवर मधोमध तळहाताएवढे आबा ठेवले, बादलीसकट. फोटो फुटत नव्हता तेवढेच.

दाजी कडाडले, "एवढ्या फ्लेक्सवर एवढुसा मानूस? लांबून दिसायचा न्हाई!"

"मंग जवळ या की. जित्तेपनी किती येळा आला हुतात?"

मला मनातून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू!

दशक्रियेला मुळा नदीच्या काठावर फ्लेक्स लागला. येणारा प्रत्येक जण थांबायचा, पुढे व्हायचा, वाकून बघायचा. कुणीतरी म्हणालं, "आबांनी मला कदी एका पळी बुंदीवर सोडलं न्हाई." शेवटी आई उठली. फ्लेक्सपाशी गेली, आबांच्या अर्धमिटल्या डोळ्यावर बोट ठेवलं.

"हेच हायेत," म्हणाली, आणि हंबरडा फोडून रडली. मंदाताईंनी तिला पोटाशी धरलं. आबा गेले होते, पण आमची आई आम्हाला परत मिळाली.