इलॅस्टिकची कंबर

गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढायच्या आत मास्तर त्याची कंबर सांगायचे. "साहेब, इंचभर सुटलात हो!" टेप लावली की नेमकं तेवढंच भरायचं. प्रत्येक पॅन्टच्या कमरेत ते आतून जादा कापड सोडायचे. कुणी विचारलं की म्हणायचे, "असू द्या, पुढेमागे लागेल."

ऐन उमेदीत त्यांनी गावच्या धावपटूंसाठी बारा विजारी शिवल्या. कमरेला इलॅस्टिक, बाजूला पांढरी पट्टी. असल्या विजारी तेव्हा मैदानापुरत्याच असायच्या. एक पठ्ठ्या तशीच घालून बाजारात गेला, तर "अंघोळीला निघालास का?" म्हणून लोक खो खो हसले. महिन्याभरात त्याच लोकांनी तशीच शिवायला टाकली आणि मास्तरांनी हौसेने शिवलीही. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात ते हेच, फक्त हा धोंडा पडायला पंचवीस वर्षं लागली. पुढे बँकेतला कारकून, शाळेतल्या बाई, लग्नातला नवऱ्यामुलाचा मामा, जो तो खेळाडूच्या वेषात हिंडू लागला. पळत मात्र कुणीच नव्हतं! कपडे तयार मिळायचे, मापाची गरजच संपली. टेप खुंटीला लटकली ती लटकलीच.

गुडघ्यांसाठी फिरायला हवं म्हणून बायकोनेही तसलीच निळी विजार आणली. मग घरीदारी तीच. "घरातच फितुरी!" म्हणून मास्तर चार दिवस घुश्शात होते.

मागच्या हिवाळ्यात ती म्हणाली, "अहो, एकदा माझं माप घ्या ना. हूकवाली पॅन्ट शिवा मला."

"इलॅस्टिकवालीला माप कशाला? ते भोपळ्यालाही बसतं नि काकडीलाही."

ती हसली. पुन्हा तिने विषय काढला नाही.

उन्हाळ्यात ती ओट्यापाशी कोसळली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "वजन कधीपासून उतरतंय?" मास्तरांना सांगता येईना. परक्यांचा अर्धा इंच ओळखणारा माणूस, आणि घरातली कंबर त्याला दिसली नव्हती. हूक असता तर पॅन्ट सैल झाली असती, घसरली असती. इलॅस्टिक तिच्याबरोबर गुपचूप आकसत गेलं. तपासण्या झाल्या. आता उपचारांची वेळ गेली, घरी न्या, असं सांगण्यात आलं.

घरी आल्यावर मास्तरांनी खुंटीवरची टेप काढली. जुन्या वहीत तिची कंबर चौतीस होती. टेप चोवीसवर थांबली. त्यांनी पुन्हा लावली. चोवीसच.

"सांगायचं नाही का गं तेव्हा?"

"तोंडाने सांगायची भीती वाटत होती," ती म्हणाली. "वाटलं, माप घेतलंत की तुम्हाला आपोआप कळेल."

मास्तर ढसाढसा रडले. मग मशीनवर बसले आणि संध्याकाळपर्यंत पॅन्ट शिवून काढली. तिने ती मांडीवर घेतली, हूक लावून पाहिला, कमरेच्या आतून बोट फिरवलं. हाताच्या सवयीने तिथेही जादा कापड राहिलं होतं.

"हे कशाला?" तिने विचारलं.

आयुष्यभर गिऱ्हाइकांना दिलेलं उत्तर मास्तरांच्या तोंडून काही केल्या बाहेर पडेना.