तीनशे बिया

या बाईला वरून पाठवलंय, हे बिरागोनं पहिल्याच मंगळवारी ओळखलं. कसं ओळखलं? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

तानो नदीच्या काठावर आमच्या कोको सोसायटीचं गोदाम आहे. तिथं बिरागो एकोणीस वर्षं कोकोच्या बिया चिरत होती. शेतकऱ्याच्या पोत्यांतून तीनशे बिया काढायच्या, एकेक उभी चिरायची, आत बुरशी आहे का, कीड आहे का, बी नीट आंबलीय का ते बघायचं. माल पास झाला की पोत्याच्या तोंडाला शिशाचं सील ठोकायचं. सीलवर तिचा नंबर, चारशे अठरा. पोतं जगात कुठंही उघडू दे, पास कुणी केलं ते नंबरावरून कळतं. सुरुवातीला त्या नंबराची तिला कोण ऐट! बाजारात केळी घेतानासुद्धा सांगायची. मग बढती हुकली, बदली हुकली. बरोबरीचे बंदरावरच्या हापिसात पंख्याखाली जाऊन बसले आणि ही इथंच. तीच सुरी, तेच टेबल. तीनशेच्या दोनशे झाल्या, दोनशेच्या पन्नास. अलीकडे तर पंचवीस-तीस चिरायची, जांभई द्यायची, अंदाजानंच माल पास किंवा परत करायची आणि कागदावर तीनशे लिहून मोकळी व्हायची. आपल्याला नजरेनंच कळतं, असं स्वतःला सांगायची. कळत कसलं डोंबल! ती बघतच नव्हती.

अशात ही बाई आली. चाळिशीची, अंगानं काटक, डोक्याला निळा रुमाल. समोरच्या कडुनिंबाखाली बाकावर येऊन बसली. बरोबर पोतं नाही, कुणाशी बोलणं नाही. मांडीवर दोन वाडगी. बिरागोनं बी चिरली की एका वाडग्यातला खडा उचलून दुसऱ्यात टाकायची. टक्. पुन्हा बी चिरली, पुन्हा टक्.

"ए बादू, ही कोण रे?" बिरागोनं हमालाला विचारलं. बादू तिथं तिच्याइतकाच जुना.

"मला काय ठाऊक? थांब, पाणी देतो आणि विचारतो."

"खबरदार!"

आमच्याकडं आल्यागेल्याला आधी पाणी द्यायचं आणि मगच कसं येणं केलंत म्हणून विचारायचं. पाणी दिल्याशिवाय विचारणं हा उद्धटपणा, आणि पाणी मिळाल्याशिवाय येणाराही आपलं काम सांगत नाही.

"पाणी दिलंस की ती पाहुणी झाली," बिरागो कुजबुजली. "मग काय म्हणेल ते ऐकून घ्यावं लागेल. हापिसची निघाली, सील परत दे म्हणाली तर? निवृत्तीला चार वर्षं उरलीत माझ्या!"

"बाई, तू काय भानगड केलीयस?"

"भानगड करायला इथं आहे काय, मुडद्या? पोती उचल."

त्या दिवशी बिरागोनं तीनशेच्या तीनशे चिरल्या. बोटं आखडली. प्रत्येक टक् बरोबर ती पुटपुटत होती, "मोज, मेले, मोज!" बाई शुक्रवारी आली. पुढच्या मंगळवारी पुन्हा आली. बादूनं होडीवाल्याकडं चौकशी केली, तर तो म्हणाला, मी लोकांना नदी पार करतो, त्यांच्या पोटात शिरत नाही.

"म्हणजे त्यालाही फितवलंय," बिरागो म्हणाली.

तिसऱ्या आठवड्यात मात्र एक गंमत झाली. एक बी चिरली आणि तिचा हात थांबला. आत बी पाटीसारखी करडी होती. तिनं मालकाला, एका म्हाताऱ्याला, हाक मारली.

"बाबा, आंबवायचा ढीग चौथ्याच दिवशी उघडलात ना? आणि मध्ये हलवलाही नाहीत."

म्हातारा चपापला. "तुला कोण बोललं?"

"ही बोलली," तिनं बी पुढं धरली.

मग तिला एकेक दिसायला लागलं. कुणाची वाळवणाची चटई सावलीत होती, कुणी घाईनं चुलीच्या धुरावर माल सुकवला, सगळं. ती लवकर येऊ लागली, सुरीला धार लावू लागली. दुपारचं भाजलेलं केळं तसंच थंड व्हायचं आणि तिच्या लक्षात यायचं नाही. काम आवडतंय असं तिला वाटलं, आणि लगेच त्याचाही संशय आला. ही नुसती भीती असेल, बिरागो. फार हुरळून जाऊ नकोस.

पाचव्या शुक्रवारी तिला ते टक् टक् सोसेना. एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे म्हणत ती स्वतः पाण्याचं भांडं घेऊन कडुनिंबाखाली गेली. बाईनं रीतीप्रमाणे दोन थेंब जमिनीवर सांडले, उरलेलं पाणी पिऊन भांडं परत दिलं.

"कसं येणं केलंत?"

"मी अब्रेफी. नदीपलीकडची. गेल्या हंगामात माझी अकरा पोती तू परत पाठवलीस, बुरशी म्हणून."

बिरागोला तो चेहरा आठवेना. "माल परत गेला म्हणजे काही कारण असेल."

"त्या दिवशी मी मोजलं होतं. सव्वीस बिया चिरल्यास. मी पोती नेऊन पुन्हा वाळत घातली. अवेळी पाऊस आला. नव्हती ती बुरशी मग खरोखरच लागली."

"मग हापिसानं तुला..."

"कसलं हापिस? मला कोण पाठवतंय! नियम सव्वीसचा आहे की माझ्यापुरताच सव्वीसचा, तेवढं बघायचं होतं. पाच आठवडे मोजतेय. प्रत्येकाला तीनशे, एक कमी नाही." तिचा आवाज चिरकला. "म्हणजे मलाच तेवढं! नवरा नाही म्हणून? कोंबडी आणली नाही म्हणून? मी तुझं काय घोडं मारलं होतं गं?"

बिरागोला आधी हायसं वाटलं. हापिसची नाही! नंबर वाचला! चूक झाली म्हणायचं आणि वळायचं, कोण विचारतंय? बादू आणि पोतीवाले शेतकरी तिकडं उभेच होते, त्यांत तो करड्या बियांचा म्हाताराही. पण अब्रेफी तिच्या तोंडाकडं बघत होती, आणि बिरागोला स्वतःची इतकी लाज वाटली की बसावंसं वाटलं.

"तुलाच नाही," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "सगळ्यांनाच. किती वर्षं झाली, मलाच आठवत नाही. तू वरून आलीस या भीतीनं मी तीनशे चिरल्या. तू बसलीस म्हणून."

मग तो म्हातारा म्हणाला, "माझी दोन वर्षांमागं परत गेलेली पोती?"

"असतील, बाबा. तशीच गेली असतील."

म्हातारा बाजूला थुंकला आणि पाठ फिरवून उभा राहिला. अब्रेफीनं खडे गोळा केले, वाडग्यात वाडगं घातलं. उठताना तिनं तिरक्या नजरेनं पाहिलं. "आणि मी गेले की पुन्हा सव्वीस?"

शपथ बिरागोच्या ओठांवर आली होती. ती तिनं गिळली.

"माहीत नाही. माझा माझ्यावरच भरवसा नाही. म्हणून सांगते, जाऊ नकोस. बादू, हे बाक टेबलापाशी ने."

बादूनं बाक नेलं. अब्रेफी टेकली, तीही काठावर, केव्हाही उठून जाईल अशी. बिरागोनं पहिली बी उचलली, चिरली आणि स्वतः बघायच्या आधी तिच्यापुढं धरली.

"तू सांग."

अब्रेफीनं ती बी उजेडात फिरवून फिरवून पाहिली. मग वाडगी मांडीवर मांडली आणि एक खडा टाकला.

"दुसरी चीर," ती म्हणाली.