वस्तादांची चिमूटभर माती

माणूस तोंड उघडायच्या आधी त्याची मांडी काय सांगतेय, ते वस्तादांना कळायचं. तालमीतली पोरं जोर-बैठका मारून आडवी झाली की ते एकेकाच्या पोटरीवर लाल मातीची चिमूट टाकत आणि ऐंशीच्या घरातले डोळे बारीक करून बघत बसत. माती थरथरली की म्हणत, "मास अजून बैठकाच मारतंय. ह्याला आज सोडा."

माझं शिवणाचं दुकान कसबा बावड्यात त्या तालमीच्या भिंतीला लागून आहे. पोरांचे लंगोट मीच शिवते. बायकांनी तालमीचा उंबरा ओलांडायचा नाही, हा तिथला नियम. मला त्याची अडचण नव्हती. लंगोट दारातूनही देता येतात. वस्ताद पोरांची मापं कधी आणत नसत. नुसते बघून सांगत, "त्याची कंबर म्हैन्यात दोन बोटं उतरंल, तसंच काप." मी त्यांच्या शब्दावर कात्री चालवायची. एकदाही कापड वाया गेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी मला शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा. भिंतीपलीकडून बैठकांचे आकडे ऐकू येतातच, म्हणून मी शटर अर्धं ओढून त्याच आकड्यांवर बैठका मारू लागले. पोरं विशीतली आणि मी एकोणपन्नासची, हे काही लक्षात घेतलं नाही. दोन आठवड्यांत शंभरावर गेले, आणि मशीनवर बसलं की पोटऱ्या आतून फडफडायला लागल्या. दुखत नव्हतं. कातडीखाली नुसतं काहीतरी उडत होतं.

मोबाईलवर शोधलं. एका ठिकाणी लिहिलं होतं की नसा मरत जातात, आधी पाय गळतात, मग हात. बाकीच्या ठिकाणी काय लिहिलं होतं ते मी वाचलंच नाही. रोज सकाळी टेप घेऊन पोटऱ्या मोजू लागले. डावी पाव इंच बारीक भरली. हात गेले तर दुकान गेलं. घरी कुणाला बोलले नाही, पण लग्नसराईचे ब्लाऊज 'जमणार नाही' म्हणून परत करायला लागले.

वस्ताद लंगोट न्यायला आले, ते माझ्या हाताकडे बघतच उभे राहिले.

"पोरी, कात्री का थरथरतीया?"

"काही नाही."

"काय न्हाय म्हणणाऱ्याचंच कायतरी असतंय."

मी सगळं सांगितलं, टेपसकट. त्यांनी मला तालमीच्या पायरीवर नेलं. "चवड्यावर उभी ऱ्हा. आता येका पायावर. आता टाचंवर चाल." मी चालले. आतून पोरं बघत होती. मग वस्तादांनी चिमूटभर माती माझ्या तळहातावर ठेवली. बाईच्या अंगाला ते हात लावत नसत. पायरीवर बसून मीच ती पोटरीवर टाकली. माती थरथरली.

"थरथरतंय, पर वजन उचलतंय की. ताकद गेली तर भ्यायचं. बैठका किती?"

"शंभर."

"कुणाच्या आकड्यावर?"

मी आत बोट दाखवलं. पोरं हसली. वस्ताद हसले नाहीत.

"आन् डावी पोटरी बारीक हाय म्हणतीस. तीस वर्सं ब्लाऊज शिवतीस. दोन्ही दंड सारखं असलेली बाई किती बघितलीस?"

एकही नाही. प्रत्येक ब्लाऊजची एक बाही मी दोन दोरे सैल ठेवते, आणि माझ्याच पायाला वेगळा नियम लावून बसले होते.

"डॉक्टरला दाव," उठता उठता ते म्हणाले. "मोबाईलला दावू नको."

डॉक्टरांनी मला आधी चवड्यांवर उभं केलं, मग एका पायावर, मग टाचांवर चालवलं. तोच क्रम. नसा ठीक होत्या. व्यायाम एकदम वाढवलात, कमी करा, म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी परत केलेले ब्लाऊज मागून आणले.

यंदा वस्ताद गेले. त्यांना आखाड्यात, मातीवरच ठेवलं होतं. एका पैलवानानं सवयीनं चिमूटभर माती त्यांच्या पोटरीवर टाकली, आणि सगळे वाकून बघत राहिले. मी उंबऱ्याबाहेरून बघत होते. बराच वेळ कुणी मान वर केली नाही.

आता मी वीस बैठका मारते, माझ्या स्वतःच्या आकड्यावर. पोटरी अजून कधीतरी फडफडते. मग मी चवड्यांवर उभी राहते, पुन्हा टाचा टेकते, आणि मशीनवर जाऊन बसते.