नसलेल्या पावलावरचं पाणी

देवाकडे काय मागायचं हेच मला कळत नव्हतं. सीमेवर सुरुंग फुटला, डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला, आणि जे पाऊल उरलंच नव्हतं ते रात्रंदिवस जळत राहिलं. नसलेल्या पायाला बरं कर, असं बिरोबाला कोणत्या तोंडाने म्हणायचं?

लष्करी इस्पितळातून निघताना डॉक्टरांनी समजावलं होतं. शस्त्रक्रियेआधी फार वेळ वेदना सोसावी लागली, नस तुटली, झोप उडाली, मनात धास्ती बसली आणि त्यात माणूस गप्प राहिला, तर दुखणं मागे रेंगाळण्याचा धोका वाढतो. यातली एकूण एक गोष्ट मला लागू होती; भरतीच्या मेडिकलमध्येही मी इतका सहज पास झालो नव्हतो. तरी काही दुखत नाही म्हणून सांगितलं आणि गावी आलो. खरं बोललो तर लोक वेड्यात काढतील अशी भीती वाटायची. बायकोवर मात्र उगाच खेकसायचो. आपलं काय चुकतंय हे तिला कळेना. शेवटी ती मुलीला घेऊन माहेरी जायचं म्हणू लागली. त्याआधी एकदा बिरोबाला जाऊन येऊ, एवढाच तिचा हट्ट होता.

आटपाडीकडच्या त्या देवळाच्या पायरीशी मी उजव्या पायातला बूट काढला. डावा पाय नकली, त्याचा बूट तसाच ठेवला. शेजारी एक अनोळखी धनगर म्हातारी पाय धूत होती. तिने माझ्या उजव्या पावलावरही पाणी ओतलं. मी पुढे निघालो, तशी म्हणाली, "आन् त्यो रं? त्यो बी तुजाच हाय न्हवं?"

स्वतः वाकून तिने दुसरा बूट काढला. कळशीत उरलेलं टँकरचं पाणी त्या प्लॅस्टिकवर ओतलं, हाताने चोळलं. मी नुसता बघत होतो. जळणारं पाऊल गार पडलं. बोटांच्या बेचक्यांतून पाणी गेलेलं मला कळलं. असं का झालं ते मला ठाऊक नाही. डॉक्टर कदाचित कारण सांगतील. मी पायरीवर बसलो आणि रडलो. बायको जवळ आली.

"पाय दुखतोय," मी म्हणालो.

"कंचा?"

"कापलेला. कापल्यापासनं दुखतोय."

ती हसली नाही. कुठं दुखतंय, एवढंच तिने विचारलं. म्हातारी तोवर निघून गेली होती, तिचे आभार मानायचे राहिले. आत जाऊन बिरोबाला मी काही मागितलं नाही. आहे ते सगळं त्याच्यापुढे ठेवलं आणि डोकं टेकलं.

संध्याकाळी जळजळ परत आली. हल्ली पुण्याला उपचार चालू आहेत, पण दुखणं पुरतं गेलेलं नाही. कळ उठली की मी बायकोला सांगतो. मग ती अंथरुणावर, जिथे ते पाऊल असायला हवं होतं, तिथल्या रिकाम्या जागेवरून हात फिरवत बसते.