कुंकवाखालचं चिन्ह

१५ ऑक्टोबर १९७८, रविवार, सकाळचे साडेनऊ. बॅटरीपासून गाडीच्या बॉडीकडे जाणारी केबल, साडेअकरा रुपये, आदल्या दिवशी रोखीने घेतलेली. हजर मी, बायको आणि शेजारचे निवृत्त फोरमन. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

गाडी वीसेक वर्षांची जुनी, आमच्याकडे तिचं तिसरं वर्ष. आधीच्या केबलच्या तारा हिरव्या पडून निम्म्या झडल्या होत्या. त्या आठवड्यात दोनदा गाडी ढकलून चालू करावी लागली. आणि दुपारी दोनला मला सासरी कळवणला निघायचं होतं. सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन सोमवारी सकाळी नाशकात ठरलं होतं. आधी दोनदा त्यांनी ते टाळलं होतं. आता म्हणाले होते, जावई स्वतः न्यायला आले तर येतो, एस.टी.नं येणार नाही. आज गाडी गेली नसती तर ते पुन्हा घरीच बसले असते, हे बायकोला माहीत होतं, म्हणून ती स्वयंपाक सोडून बॉनेटपाशी उभी होती.

मी घड्याळ आणि अंगठी काढून खिशात ठेवली, पान्याच्या दांड्याला सायकलची ट्यूब गुंडाळली. कोणती तार कुठे आहे त्याचं वहीत चित्र काढलं. बॅटरीवर तार बसते त्यातल्या एका खुंटीशेजारी लाल अधिकचं चिन्ह दिसत होतं. म्हणजे ती प्लस, दुसरी मायनस आणि मायनसची तार बॉडीला. मायनस आधी सोडायची, एवढं मला पाठ होतं. ती सोडली, मग दुसरी. ठिणगी नाही, काही नाही. मला बरं वाटलं.

मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं बॅटरी धुतली. पांढरा थर फसफसून गेला आणि त्याबरोबर ते लाल चिन्हही वाहून गेलं. खाली प्लॅस्टिकवर उमटवलेलं चिन्ह निघालं, ते वजाचं. समोरच्या खुंटीजवळ अधिकचं.

"अगं, हे लाल काय होतं?"

"चार दिवसांपूर्वी दसरा झाला ना! मी बॅटरीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं. बाहेरच्या रेघा झडल्या असतील."

मी वही पाहिली, बॅटरी पाहिली, पुन्हा वही पाहिली. म्हणजे आमच्या गाडीत प्लस बॉडीला जोडलेलं होतं. तीन वर्षं गाडी उलटी चालली? का मीच चित्र उलटं काढलं? बॅटरी धुताना फिरवली तर नव्हती? मला खात्रीनं सांगता येईना.

"उलटी लावलीये कोणीतरी," फोरमन म्हणाले. "बॉडी म्हणजे मायनस. आमच्या कारखान्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. आदलाबदल करा, अकौंटंटसाहेब."

"पण आजवर चालत होती."

"तुमचं ऑफिसही चालतंच की!"

मी नवी केबल प्लसवर बसवून पाहिली. तिच्या टोकाची कडी, म्हणजे क्लॅम्प, वरच अडकला, खाली उतरेना. पट्टी लावून मोजलं, प्लसची खुंटी मायनसपेक्षा दीड-दोन मिलिमीटर जाड. नवा क्लॅम्प मायनसवर मात्र अगदी नेमका बसत होता.

"बघा, केबलच सांगतेय कुठे बसायचं ते," फोरमन म्हणाले. "दुसरा क्लॅम्प जरा फाकवू, झालं." ते हातोडी आणायला निघालेसुद्धा.

पुरावा त्यांच्या बाजूचा होता आणि वही माझ्या. साडेअकरा वाजले होते. बायको एवढंच म्हणाली, "अहो, काल होती तशीच लावायची. नाहीतर कोणाला तरी विचारून या. माझ्या वडिलांची गाडी आहे आज ती."

मी सायकलवर भद्रकालीत, आमच्या नाशकाच्या जुन्या बाजारात गेलो. तिथे मोटारींचं वायरिंग करणारे एक चाचा होते. रविवार असून दुकानाची एक फळी उघडी होती. मी वही पुढे केली. त्यांनी ती पाहिलीच नाही.

"गाडी कितीची?"

"अठ्ठावन्नची."

"डायनॅमो बदलला?"

"नाही."

"मग बराबर आहे. साहेब, गाडी उलटी नाय, तुमचे फोरमन उलटे. त्या वेळी अशाच यायच्या, प्लस बॉडीला. बदली केली असती ना, तर डायनॅमो जळला असता, वायरिंगबी गेलं असतं. दुकानवाल्यानं बॉडीची केबल म्हणून मायनसचा बारका क्लॅम्प दिला तुम्हाला."

"मग मी मायनस समजून प्लस सोडलं, ते चुकलं?"

"नाय, ते बराबर केलं."

"चुकून?"

"चुकून. जी बॉडीला गेली ती पहले काढायची, लावताना सगळ्यात शेवटी. प्लस-मायनस नंतर बघा."

म्हणजे ज्या चिन्हावर भरवसा ठेवला ते खोटं, आणि त्यामुळे जे केलं ते बरोबर. खरं चिन्ह आधी दिसलं असतं तर पाठांतराप्रमाणे मी बॉडीला न जाणारी तार आधी सोडली असती, आणि पान्याचं तोंड पत्र्याला लागताच भडका उडाला असता. या गोष्टीचा मी आजवर अनेकदा विचार केला आहे, पण यात माझी काळजी कुठे कामाला आली ते मला नीट मांडता येत नाही.

चाचा माझ्या सायकलच्या कॅरिअरवर बसून आले; वाटेत मी त्यांना सासऱ्यांच्या ऑपरेशनचं सांगितलं. केबलचं टोक कापून शिशाचा मोठा क्लॅम्प चढवला, इंजिनकडची तार आधी, बॉडीची शेवटी, वर व्हॅसलीनचा हात. फोरमन हातोडी मागे धरून पाहत होते. पहिल्याच फेरीत गाडी चालू झाली. चाचांनी क्लॅम्पचे चार रुपये घेतले, मजुरी घेईनात. म्हणाले, "सासऱ्यांची पट्टी सुटली की दाखवायला आणा."

कळवणला पोचलो तेव्हा सासरे पिशवी मांडीवर घेऊन दारातच बसले होते.

महिन्यानं, पट्टी सुटल्यावर, त्यांना भद्रकालीत नेलं. त्यांनी खिशातून पाच रुपयांची नोट काढली, डोळ्यांसमोर धरून दोन्ही बाजूंनी पाहिली आणि स्वतःच्या हातानं चाचांना दिली.