मागितलेले पुस्तक

माझ्या नवऱ्याच्या मामांनी चाळीस वर्षे ग्रंथपाल म्हणून काढली आणि त्या चाळीस वर्षांत एकाही माणसाला त्याने मागितलेले पुस्तक दिले नाही, असे मी म्हटले तर बडोद्यातल्या घडियाळी पोळीपासून गोत्रीपर्यंत निदान शंभर माणसे साक्षीला उभी राहतील, आणि त्यातली निम्मी अजून चिडलेली असतील. पुस्तक मागायला आलेल्या माणसाकडे मामा आधी डॉक्टरसारखे बघत. घरी कोण आजारी आहे, झोप लागते का, मुलगी कितवीला आहे, एवढे विचारून झाले की आत जात आणि भलतेच काहीतरी घेऊन येत. दिवाळीच्या तोंडावर एक बाई फराळाचे पुस्तक मागायला आल्या, त्यांच्या हातात मामांनी उपवासाने प्रकृती कशी सुधारते यावरचे पुस्तक ठेवले. "फराळ तुम्हाला येतोच," मामा म्हणाले, "थांबणं येत नाही." बाई दोन महिने फिरकल्या नाहीत. मग एक दिवस आल्या, पुस्तक परत केले आणि आता काय मिळते याची वाट बघत निमूटपणे उभ्या राहिल्या. मामांच्या वाचनालयात सभासद टिकत ते असे.

वाचनालय या पोळीतल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या अरुंद गल्लीतल्या, एका किराणा दुकानाच्या माडीवर होते. त्याचा इतिहास मामा प्रत्येक नव्या माणसाला जिन्यातच ऐकवत, कारण वर पोचल्यावर माणूस बसतो आणि बसला की ऐकत नाही, असे त्यांचे मत. संस्थानाच्या काळात बडोद्याच्या राज्यात गावोगाव वाचनालये निघत होती, तेव्हा कचेरीतल्या चार मराठी कारकुनांनीही आपले एक काढायचे ठरवले. प्रत्येकाने घरून एक पुस्तक आणायचे असे ठरले आणि चौघांनी नेमके एकच पुस्तक आणले, त्यामुळे वाचनालयातले पहिले भांडण उद्घाटनाच्या आधीच झाले. मी एकदा जुनी इतिवृत्ते काढून बघितली, त्यात यातले अक्षरही नव्हते. तसे सांगितल्यावर मामा शांतपणे म्हणाले, "लिहिणारा त्या दिवशी रजेवर होता."

सोयी मात्र खऱ्या होत्या. सकाळी दोन मराठी आणि तीन गुजराती वर्तमानपत्रे, ती वाचायला पोळीतले सगळे येत, भाजीवालीसुद्धा टोपली खाली ठेवून वर येई. दिवाळी अंक होळीपर्यंत घरोघर हिंडत. ज्यांना जिना चढवत नाही त्यांच्याकडे मामा स्वतः सायकलवरून पुस्तके पोचवत, तीही अर्थात त्यांच्या पसंतीची नव्हेत, आपल्या. कपाटांना क्रमांक होते, पण मामांचा हिशेब वेगळा होता. एक कपाट तापातून उठलेल्यांसाठी, त्यात टाईप मोठा आणि कुणी मरत नाही अशी पुस्तके. एक घरात सून आलेल्यांसाठी. एक नुकत्याच निवृत्त झालेल्यांसाठी, आणि ते कुलूपबंद, कारण या लोकांना एकदम सगळे वाचायचे असते. आज कोणी आले की मामा एकटेच आहेत, हे खालचे गुजराती किराणावाले काका रोज संध्याकाळी हाक मारून विचारत, "मामा, आजे कोई आव्युं के तमे एकला ज?" मामा वरून त्यांना चढून यायचे आमंत्रण देत. काका तीस वर्षांत कधी चढले नाहीत, पण आलेल्या टपालाची काळजी तेच घेत.

या वाचनालयाची मी सात वर्षे चिटणीस आहे. दुसरे कोणी तयार नव्हते आणि मला याद्या करायची सवय आहे, एवढीच माझी पात्रता. सातव्या वर्षी जागामालकाने माडी परत मागितली. गोत्रीतल्या एका सोसायटीने आपल्या क्लबहाऊसमधली खोली देऊ केली. खोली चांगली होती, पंखे चालू होते, पण आमच्या चौदा कपाटांपैकी तिथे नऊच मावत होती. मी टेपने तीनदा मोजले. मग समितीत मी नियम मांडला की जे पुस्तक पाच वर्षांत एकदाही घरी गेलेले नाही ते बाद करून रद्दीत द्यावे. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी तारखांचा कागद चिकटवलेला असतो, त्यामुळे वादाला जागा नव्हती. मला वाटले होते मामा आकाशपाताळ एक करतील. ते म्हणाले, "सूनबाई, नियम चांगला आहे." मी तेव्हाच सावध व्हायला हवे होते.

सहा रविवार घालवून मी यादी केली. दोनशेच्या वर पुस्तके निघाली. त्या धुळीने मला जो खोकला लागला तो अजून पुरता गेलेला नाही. रद्दीवाला सोमवारी येणार होता, म्हणून शनिवारी मी यादी हातात घेऊन शेवटचा पडताळा करायला गेले, तर यादीतली जवळजवळ शंभर पुस्तके कपाटात नव्हती. टेबलामागे नीट दोरीने बांधून ठेवलेली सापडली. प्रत्येकाच्या कागदावर गेल्या दोन आठवड्यांतल्या तारखेचा ताजा शिक्का. देवघेवीचे रजिस्टर उघडले तर सगळी रीतसर नोंदलेली, सभासद क्रमांकासकट. त्या क्रमांकांवर नजर फिरवता फिरवता मी एकशेबारावर थांबले. एकशेबारा म्हणजे माझ्या सासूबाई, मामांची थोरली बहीण. त्यांना जाऊन तीन वर्षे झाली होती. त्यांच्या वर होते ते मामलेदारसाहेब, त्यांना जाऊन नऊ. त्यांच्याही वर पोळीच्या टोकाला राहणाऱ्या शाळेतल्या बाई, त्याही नाहीत. दोन आठवड्यांत आमच्या वाचनालयातून पुस्तके नेणारे सगळेच्या सगळे सभासद स्वर्गवासी होते.

मी दमले होते, त्यामुळे रागवायचेही नीट जमले नाही. मामा, ही लबाडी झाली, एवढेच मी म्हणाले. पुस्तके वाचवायची होती तर समितीत बोलायचे होते, रजिस्टर खोटे कशाला करायचे? मामांनी खणातून एक लांबट वही काढून माझ्यापुढे सरकवली. तीत चाळीस वर्षांची नोंद होती: कोणी काय मागितले आणि आपण काय दिले. इतकी व्यवस्थित वही मी स्वतः कधी ठेवली नसती.

"लबाडी कसली," ते म्हणाले. "त्यांनी मागितली होती. मी दिली नाहीत. आता निघालीच आहेत, तर त्यांच्या नावावर तरी निघू देत."

सासूबाईंच्या नावापुढे एकच पुस्तक तीनदा होते: आगबोटीने जग फिरून आलेल्या एका बाईंचे जाडजूड प्रवासवर्णन. मी मामांकडे बघितले. "तेव्हा तुझे सासरे अंथरुणाला खिळलेले," ते म्हणाले. "अक्काला घराचा उंबरा ओलांडता येत नव्हता. म्हटलं, हिला बोटी कशाला दाखवायच्या? कीर्तनाचं दिलं." वही मिटत म्हणाले, "दाखवायला हव्या होत्या."

आता यावर चिटणिसाने काय करावे, ते आमच्या घटनेत लिहिलेले नाही. शेवटी मी नियमच लावला. घरी दिलेले पुस्तक सभासदाच्या घरी असले पाहिजे, टेबलामागे नव्हे. त्या वहीवरून मी पत्त्यांची यादी केली, आधी पोळ, मग हरणी, मग गोत्री, आणि पुढचे तीन रविवार मामांना स्कूटरवर मागे बसवून पिशव्या वाटत फिरले. यादीतली उरलेली पुस्तके मामांनी स्वतः रद्दीवाल्याच्या हातगाडीवर चढवून दिली. ती कोणी कधी मागितलीच नव्हती, त्यामुळे त्यांच्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती.

हरणीला मामलेदारसाहेबांच्या नातीने दार उघडले. कोणी आजोबा पुस्तके घेऊन आले आहेत, असे आत वळून वडिलांना सांगितले, "पप्पा, कोई दादा चोपडीओ लईने आव्या छे." वडील बाहेर आले, पुस्तकांवर लिहिलेले सभासदाचे नाव वाचले आणि गोंधळून म्हणाले, "अहो, बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली."

"माहीत आहे," मामा म्हणाले. "त्यांचा नंबर आत्ता लागला."

त्या गृहस्थांनी पुस्तके दोन्ही हातांनी घेतली. मग त्यांनी आम्हाला आत बोलावून चहा दिला. घरात आता मराठी कोणी वाचत नाही, मी वाचीन म्हणतो, असे म्हणाले. वाचतील की नाही कोण जाणे. सगळीकडे असे झाले नाही. एका घरात जागा नाही म्हणून दारातूनच नमस्कार झाला, एका ठिकाणी सून म्हणाली की हे सगळे मोबाईलवर मिळते. ती पुस्तके पुन्हा पिशवीत आली आणि परतीच्या वाटेवर मामांनी ती पिशवी मांडीवर धरली.  

गोत्रीची खोली सुरू होऊन वर्ष होईल. संध्याकाळी चार-पाच जण येतात, त्यातले दोघे पंख्यासाठी. मामांना आता रोज यायला जमत नाही. गुरुवारी मात्र ते आमच्याकडे जेवायला येतात. सासूबाईंचे पुस्तक आमच्या घरी आले, ते त्यांच्या जुन्या टेबलावर असते. सगळी कामे उरकली की मी त्यातली दोन-तीन पाने वाचते, त्याहून जास्त डोळे उघडे राहत नाहीत. पुस्तक परत करायची मुदत कधीच उलटून गेली आहे, पण मामा त्याबद्दल बोलत नाहीत. हात धुऊन पाटावर बसताना फक्त विचारतात, "अक्का कुठवर पोचली?"

गेल्या गुरुवारी मी म्हटले, एडनला. अजून खूप लांब जायचे आहे.

मामा म्हणाले, "जाऊ दे सावकाश," आणि ताटाभोवती पाणी फिरवले.