नावाड्याची हाक

आमच्या कर्जतच्या वाचनालयात नाटकांचं कपाट उघडणारा माणूस एकच, बिभीषणकाका. बाकीच्यांना पेपर आणि स्पर्धा परीक्षेची पुस्तकं पुरतात. मी इथली ग्रंथपाल, पण मीसुद्धा ते कपाट झुरळांचं औषध मारायलाच उघडते.

काका एसटीत कंट्रोलर होते. उभा जन्म चौकशीच्या खिडकीत गेला. दोन गाड्यांच्या मधे जुनी संगीत नाटकं वाचायची आणि सापडलेला शब्द भोंग्यावरून गावाला ऐकवायचा, ही त्यांची खोड. ‘प्रवाशांनी बेलाशक बसून घ्यावे,’ ही सूचना मी शाळेत असताना स्वतःच्या कानांनी ऐकलीय. बेलाशक म्हणजे बिनदिक्कत, पण तेव्हा अर्थ कुणी विचारला नाही. लोक बसून घ्यायचे.

आता निवृत्तीनंतर रोज दुपारी येतात. शब्द सापडला की चष्मा कपाळावर ढकलतात. “मॅडम, खुशालचेंडू! काय शब्द हाय बघा. आमच्या डेपोत असले लई हुते, पन त्यांना नाव सापडत न्हवतं.” मला मजा वाटते, पण मी तोंड वाकडंच ठेवते, नाहीतर दिवसभर बोलत बसतील. घरी त्यांना बोलायला कुणी नाही. बायको राहीबाई सुप्याला मुलाकडे असते. मुलगा आणि सून दोघंही कारखान्यात, नात सृष्टी लहान, तिला सांभाळायला कुणीतरी हवं. इथलं घर आणि शेळ्या सांभाळायलाही कुणीतरी हवं. भांडण नाही, तंटा नाही. म्हातारपणी संसाराची वाटणी झाली एवढंच.

संध्याकाळी राहीबाईंचा फोन येतो. ‘मोबाईल बंद ठेवा’ ही पाटी मीच लावलीय आणि ती काकांना लागू नाही, हेही मीच ठरवलंय. काकांना कमी ऐकू येतं, तिकडे सगळं घर भोवती बसलेलं. त्यामुळे दोन्हीकडे स्पीकर चालू.

“जेवला का?”

“जेवलो. तू?”

“व्हय. शेळ्या?”

“हायेत.”

मग सृष्टी एखादं गाणं म्हणते, मागून टीव्ही ओरडत असतो आणि फोन संपतो. काका मोबाईल खिशात टाकून बराच वेळ त्याच पानावर बसून राहतात.

मागच्या महिन्यात त्यांना हाकांचं वेड लागलं. जुन्या नाटकांतला नवरा बायकोला काय म्हणून बोलावतो, तेवढंच शोधायचे. प्राणेश्वरी, सुवदने, मृगनयने. “ह्या समद्या रेशमी हायेत,” काका म्हणाले. “आमच्या घरात चालायच्या न्हाईत. आमी एकमेकांना ‘ऐकलं का’ म्हनतो. तिला नावानं हाक मारल्याचं मला आठवत न्हाई.”

आणि मग एका पानं सुटलेल्या नाटकात त्यांना एक नावाडी भेटला. नदीला पूर, बायको पैलतीरावर, आणि तो ओरडतो, ‘सांगातिणी!’ काकांनी चष्मा वर ढकलला नाही, मला हाकही मारली नाही. पुस्तक घेऊन माझ्या टेबलापाशी आले आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

“म्हणजे सोबतीण,” मी म्हणाले.

“नुस्ती सोबतीन न्हाई. वाटंनं बरोबर चालनारी.” बोट न उचलता म्हणाले, “हे तिला म्हनायचं हाय.”

“मग म्हणा की.”

“स्पीकरवर? सुनंपुढं?”

पुढे कितीतरी दिवस हा माणूस तो शब्द तोंडात धरून बसला. फोन आला की घसा खाकरायचा आणि पुन्हा शेळ्यांवर यायचा. माझा जीव वरखाली व्हायचा. सगळ्या तालुक्याला बेलाशक ऐकवणाऱ्याला स्वतःच्या बायकोशी बोलता येऊ नये?

काल सृष्टीचं गाणं झालं, फोन संपायची वेळ आली आणि काका एका दमात म्हणाले, “ठेवतो मग, सांगातिणी.”

तिकडे सून खळखळून हसली. “बाबा काय म्हणाले?” काकांनी फोन कट केला. त्यांचे कान लाल झाले होते. नाटक कपाटात ठेवून ते निघून गेले, आणि मला फार वाईट वाटलं.

आज ते येणार नाहीत असं मी धरून चालले होते. आले. नाटकांच्या कपाटाकडे पाठ करून पेपर चाळत बसले. नेहमीच्या वेळी फोन वाजला.

“जेवला का?” आज मागे टीव्ही नव्हता, वारा होता.

“जेवलो.”

“मी गच्चीवर आलीय, वाळलेले कपडे काढायला. एकलीच हाय. स्पीकर बंद केलाय. काल काय म्हनला, ते परत म्हना.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी झुरळांचं औषध शोधायच्या निमित्ताने कपाटाआड गेले. त्यांनीही उठून स्पीकर बंद केला, फोन कानाला घट्ट लावला आणि तो शब्द म्हटला. आवाज फाटला, म्हणून पुन्हा म्हटला.

राहीबाई त्यावर काय म्हणाल्या, ते मला कळलं नाही. काकांनाही कळलं नसणार. स्पीकरशिवाय त्यांना फोनवरचं काहीच ऐकू येत नाही. तरी ते कितीतरी वेळ फोन कानाला धरून, मान हलवत, “व्हय, व्हय” म्हणत उभे होते.